तलावातून जाणारी पाच घरं

मी मुळात भित्री आहे. पालीला भिते, केंद्रप्रमुखांच्या फोनला भिते, एसटी चुकेल म्हणून अर्धा तास आधी फाट्यावर जाऊन उभी राहते. घरचे यावरून माझी भरपूर थट्टा करतात आणि मी ती करू देते. पण जिला खरोखर भ्यायला हवं होतं, ती गोष्ट मी स्वतःच्या हाताने, ब्रशच्या बारीक टोकाने काढली आणि वर्गाच्या भिंतीवर टांगली. तिची भीती मला सात महिने वाटली नाही.

ती गोष्ट म्हणजे मुलांचा एक खेळ.

जादा शिक्षकांच्या समायोजनात माझी बदली झाली ती मार्च महिन्यात, एकोडीच्या पुढच्या एका गावी. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, बावीस मुलं. शाळेच्या कपाटात भूगोल शिकवायचा एक खेळ पडून होता. कोणीतरी भेट दिलेला, चकचकीत पेटीतला. भारताचा नकाशा, त्यावर घरं. फासा टाकायचा, विमानाने चेन्नईला जायचं, बंदरावर माल उतरवायचा, दार्जिलिंगला बर्फात अडकायचं. मुलं दोन दिवस मन लावून खेळली. तिसऱ्या दिवशी तिसरीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, यात आपलं गाव कुठी हाय?" मी नकाशावर बोट ठेवलं. त्या एका बोटाखाली अख्खा विदर्भ झाकला गेला. पोरीने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फासा टाकला.

मला ते लागलं. ज्या मुलांनी विमान फक्त खालून पाहिलंय, त्यांना आधी स्वतःचं शिवार कळू दे, मग चेन्नई, असं मी ठरवलं. मे महिन्यात पटनोंदणीसाठी घरोघर फिरायचं होतंच. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्यासोबत निघाल्या. मी वही घेतली आणि प्रत्येक वळण, प्रत्येक झाड, प्रत्येक हापसी लिहीत गेले.

गावाला लागून मोठा तलाव आहे. तलावापलीकडे टोली, म्हणजे वीस-बावीस घरांची वस्ती. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, वळसा घालून टोलीवर जायला अर्धा तास लागतो. मावशींनी मला पाळीवर चढूच दिलं नाही. "इकडून चाला जी मॅडम, तलावातून," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी कोरड्या तलावाच्या पोटातून दहा मिनिटांत पलीकडे. जमीन भेगाळलेली, टणक. समोरून सायकली येत होत्या, एक बैलबंडी गेली, बकऱ्या गेल्या. वाट इतकी मळलेली की मी वहीत लिहिलं, 'टोलीचा मुख्य रस्ता'. मी भंडाऱ्याची. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. तलाव पाहिले होते ते एसटीच्या खिडकीतून. तलावाच्या वाटेलाही ऋतू असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते विचारायचं सुचलं नाही.

सुट्टीत मी घरी आले. बाबांनी मागावर जाड सुती कापड काढून दिलं, चादरीएवढं. त्यावर मी साठ घरं रंगवली. शाळेतून निघायचं, देऊळ, राईस मिल, ग्रामपंचायत, मासेमार ढिवरांचा मोहल्ला, बोडी म्हणजे छोटं तळं, टोली असं फिरत फाट्यावर पोहोचायचं आणि एसटी पकडायची. जो आधी एसटीत बसेल तो जिंकला. सोंगट्यांच्या जागी चिंचोके. अठराव्या घरापासून तलावाच्या पोटातून एक तुटक रेघ काढली आणि घरात लिहिलं, 'तलावातली वाट सापडली. पाच घरं पुढे.'

मुलांचा सगळा जीव त्या अठरावर. अठरा आलं की वर्गात असा ओरडा व्हायचा की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक सर डोकावायचे. केंद्रप्रमुखांनी कापडाचे फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. वर केलेल्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मी आठवडाभर तरंगत होते हे कबूल करायला हवं. शिक्षण परिषदेत मी त्यावर दहा मिनिटं बोललेसुद्धा, आणि 'परिसराशी नाळ' असले शब्द वापरले.

वर्गाच्या खिडकीतून तो तलाव दिसतो. जुलैपासून काठोकाठ भरलेला तलाव मी रोज पाहत होते. त्याच खिडकीशेजारी टांगलेल्या कापडावर मुलं त्याच तलावातून चिंचोके पळवत होती. ही दोन्ही एकच जागा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मुलांनीही कधी म्हटलं नाही. त्यांना सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नसावं. होळी आली की तलावातली वाट सुरू होते आणि मृग लागला की बंद होते, हे गावातल्या पोराला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नसावं असं गावात कोणी नव्हतंच. मी सोडून.

दिवाळीनंतर मात्र एक आली. चौथीत. वडील हैदराबादकडे कामाला गेलेले, म्हणून आई तिला घेऊन टोलीवर माहेरी राहायला आली होती. नऊ वर्षं पोरगी नागपूरच्या एका खोलीत वाढलेली. बोलायची कमी. मैत्रीण नाही, गावातलं कोणी ओळखीचं नाही. पहिल्या दिवशी मी तिला त्या कापडासमोर बसवलं आणि म्हटलं, "हे बघ, हे तुझं नवीन गाव. पाठ करून टाक." तिने खरंच पाठ केलं. आठवडाभरात साठही घरं तिला तोंडपाठ. कोणत्या घरावर काय लिहिलंय ते न बघता सांगायची. खेळायला बसली की तीच जिंकणार, हे इतरांनी मान्य करून टाकलं. मला तिचं फार कौतुक होतं. नकाशा वाचता येणारी माझी पहिली विद्यार्थिनी, असं मी सरांना म्हणालेसुद्धा.

डिसेंबरातली गोष्ट. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये, धानाच्या त्या खाचरांत, लाखोरीचं पीक हिरवं दिसत होतं. तलावाचं पाणी धानासाठी सोडून सोडून अर्ध्यावर आलं होतं. काठाकडचा सगळा भाग उघडा पडून त्यावर गवत आलं होतं. वरून पाहिलं तर कोणालाही वाटावं, मैदान आहे.

त्या दिवशी आम्ही खेळात नवी घरं रंगवणार होतो. सकाळी मी म्हटलं, "ज्यांनी रंगपेटी आणली नाही त्यांनी दुपारी नुसतं बघत बसायचं." रागावून नाही, सहज म्हटलं. ती मान खाली घालून बसली होती, हे मला नंतर आठवलं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सर साकोलीला मीटिंगला गेले होते, म्हणून दोन्ही वर्ग माझ्याकडेच होते. सुट्टी संपली, मुलं आत आली, मी मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीस. तिच्या बाकावर दप्तर होतं.

"कुठे गेली ही?"

तिच्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली आणि अगदी हुशारीने म्हणाली, "मॅडम, थे रंगपेटी आणाले घरी गेली. मी म्हटलं तिले, घंटा होऊन जाईल. तं म्हणे, मी पाच घरं पुढून जातो."

वर्ग हसला. मला आधी काही कळलं नाही. मग मी भिंतीवरच्या कापडाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.  हातातला खडू पडला, आणि तो उचलायला मी वाकले, हे मला अजून आठवतं. त्या क्षणी मी खडू उचलत होते.

मावशींना वर्गात बसवून मी धावले. पाळीवर चढेपर्यंत श्वास संपला. समोर अख्खा तलाव. उघड्या गाळावर बगळे, मध्ये पाणी, पलीकडे टोलीची कौलं. माणूस कुठेच नाही.   खाली उतरले. गवतावर बारक्या पावलांच्या खुणा होत्या, अगदी सरळ, टोलीच्या दिशेने, मी रेघ काढली होती तशाच. आधी नुसते ठसे. मग खोल खड्डे. मग एका खड्ड्यात निळी चप्पल.

मी पुढे पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. गाळ थंड होता. पाय ओढून काढायला गेले तर दुसरा रुतला. मोठी बाई मी, साठ किलोची, आणि मला वाटलं, संपलं. त्याच वेळी मनात आलं की माझं वजन जास्त म्हणून मी इथे रुतले, तिचं कमी म्हणून ती आणखी पुढे गेली असेल. जितकी पुढे, तितकं खोल.

पाळीवर एक म्हातारे ढिवर काका जाळं सांधत बसले होते. मी धावत त्यांच्या अंगावरून गेले होते तरी मला ते दिसले नव्हते. त्यांनीच हाक मारली. "ओ मॅडम! कुठी चालल्या?"

"मुलगी गेलीय इकडून! चौथीतली!"

ते उभे राहिले. "काहून गेली थे इकडून? होळीच्या आंधी इथून बकरी बी जात नाही."

तेव्हा, गुडघाभर गाळात उभी असताना, त्या म्हाताऱ्याच्या तोंडून मला माझी चूक कळली. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी आणखी पुढे जायला लागले तर ते जोरात ओरडले, "तुमी उतरू नोका! तुमाले काढू का पोरीले काढू?"

मग सगळं त्यांनी केलं. मोहल्ल्याकडे तोंड करून दोन आरोळ्या दिल्या. पाळीखालच्या खळ्यावर धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होती, तिथून चार-पाच माणसं पळत आली. काकांनी डोंगा पाण्यात ढकलला आणि पाण्याच्या बाजूने निघाले. मी कशीबशी मागे सरकून कडेला येऊन बसले. मला फक्त बांबू टोचल्याचा आवाज ऐकू येत होता. मी देवाला काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. नवस तर बोललेच, पण सौदासुद्धा केला. नोकरी जाऊ दे, पोरगी राहू दे, असं म्हणाले.

"हाय! जित्ती हाय!"

बेशरमाच्या झुडपामागे होती ती. कमरेपर्यंत आत. दोन्ही हातांनी बेशरमाच्या फांद्या धरलेल्या. रडत नव्हती. माणसांनी खळ्यावरून तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, भारे आणले आणि गाळावर एकापुढे एक टाकत, त्यावर पालथे पडून, तिच्यापर्यंत गेले. ओढायला बराच वेळ लागला. एकदम ओढू नका, पाय मोडेल, असं काका डोंग्यातून सांगत होते. ती बाहेर आली तेव्हा कमरेखाली काळी होती आणि वर पांढरी पडली होती. तिला माझ्यासमोर आणून ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, घंटा झाली का?"

मी तिला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडले. गावासमोर, चिखलात बसून.

इथवर सगळं कोणालाही सांगता येतं. पुढचं मी फार कोणाला सांगितलेलं नाही. ती वाचली हे कळल्यावर अर्ध्या मिनिटात मला दुसरी भीती वाटायला लागली, माझ्या स्वतःबद्दलची. पाळीवर माणसं जमली होती. सरपंच आले. कोणीतरी मोबाइल काढला. नोकरी जाऊ दे म्हणणारी मी, आता विचार करत होते की हे वरपर्यंत गेलं तर काय होईल.

"काहून गेली वं तू तिकडून?" सरपंचांनी तिला विचारलं.

"नकाशात रस्ता हाय," ती म्हणाली.

"कोणत्या नकाशात?"

"मॅडमच्या."

लोक हसले. "लेकरू भ्यालं, काही बी बोलून राहिलं," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पायाचा चिखल पुसत राहिले. 

तेवढ्यात तिची आई धावत आली, खळ्यावरून, केसांत तणसाचा भुसा. तिने पोरीला मिठी मारली आणि लगेच एक थोबाडीत दिली. "कोणाले विचारून निंगाली शाळेतून?" पोरगी पुन्हा म्हणाली, नकाशात रस्ता हाय. "वरून खोटं बोलतं?" म्हणून आईने दुसरी दिली. आता मात्र ती रडली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगेन म्हणून वाट पाहत होती ती. आणि मी, ताई, मारू नका, लहान आहे, एवढंच म्हणाले. तेही हळू आवाजात.

शाळा सुटल्यावर मी ते कापड भिंतीवरून काढलं, गुंडाळलं आणि पाळीवरून टोलीवर गेले. शेवटची एसटी साडेपाचची होती. ती चुकेल याची त्या दिवशी मला भीती वाटली नाही, एवढी दुसरी मोठी भीती सोबत होती. घरापुढच्या आंगणात आई तिचे कपडे धूत होती. पोरगी खाटेवर गोधडीत बसली होती. मी कापड अंथरलं आणि अठराव्या घरावर बोट ठेवलं. "ती खोटं बोलली नाही. ही वाट मी काढली. मी उन्हाळ्यात पाहिली होती, मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. तुम्हाला तक्रार करायची तर करा."

आईने ओले हात लुगड्याला पुसले आणि त्या रेघेकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल. मी तयार होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी तिले रोज सांगतो, पाण्याच्या बाजूले जाऊ नोको, पाळीवरून ये. आयकत नाही. म्हणे, तुले काय समजते, मॅडमनं रस्ता काढला हाय." मग तिने कापडाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "आता मी काय सांगू तिले? तुमचं चुकलं म्हणून सांगू? मंग उद्या थे शाळेत कायले येईल?"

मी ती घडी काखेत धरली.  त्या बाईला तक्रार करायची नव्हती. तिला माझी अब्रू तिच्या पोरीसमोर शाबूत ठेवायची होती, पोरगी शिकावी म्हणून. मी परत येताना पाळीवर दोनदा थांबले.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या, पोरगी सुखरूप आहे ना, आता वाढवू नका. त्यांनीही इतके महिने ते कापड पाहिलं होतं आणि ते गावचेच. मी दोन्ही वर्गांच्या मुलांसमोर अठराव्या घरावर पांढरा रंग फासला. वर्गाला म्हटलं, "ही मॅडमची चूक होती. मॅडमही चुकतात. मी काही चुकीचं लिहिलं, चुकीचं बोलले, की हात वर करून सांगायचं. सांगाल ना?"

"हो मॅडम!" तेवीस मुलं एका सुरात म्हणाली. तीही म्हणाली. मला जरा हायसं वाटलं.

पंधरा दिवसांनी, दोन्ही वर्ग एकत्र बसले असताना, मी फळ्यावर मुद्दाम लिहिलं, 'लाखांदूर तालुका आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे.' लाखांदूर अगदी दक्षिणेला. वर्गातल्या तिघांचे मामा तिथले, मुलं एसटीने तिकडे जाऊन आलेली. जिल्ह्याचा नकाशा फळ्याशेजारीच लावलेला होता. टोलीवरच्या त्या पोरीला तर दिशा इतरांपेक्षा चांगल्या कळत होत्या. मी खडू ठेवला आणि हात वर होण्याची वाट पाहत उभी राहिले.

तेवीस माना खाली गेल्या. तेवीस पेन्सिली चालू लागल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला त्या दिवशी पाळीवर वाटली होती तशीच भीती वाटायला लागली, फक्त या वेळी धावत जायला कुठलाच तलाव नव्हता. शेवटी मी डस्टर उचललं.

तिने मान वर केली. "मॅडम, पुसू नोका," ती म्हणाली, "माह्यं लिवाचं राह्यलं हाय."